हजार फूट कुठून मोजायचे?

शाळा उघडायला पंधरा दिवस होते. डॅलसच्या उत्तरेला एका उपनगरात नुकतंच भाड्याने घर घेतलेल्या एका तरुण मित्राने रात्री साडेदहाला मला स्क्रीनशॉट पाठवला. नकाशाच्या मधोमध मुलाची शाळा, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर एक लाल ठिपका. खाली मेसेज: "दादा, हा रजिस्टर्ड सेक्स ऑफेंडर आहे. शाळेपासून पाच मिनिटांवर राहतो. हे इल्लीगल नाही का? पोलिसांना कळवू?"

अमेरिकेत मुलंबाळं असलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात हा प्रश्न कधी ना कधी येतो. त्याला "हो" किंवा "नाही" असं एका शब्दाचं उत्तर नाही. पण ते कुठल्या क्रमाने शोधायचं हे एकदा कळलं की अर्ध्या तासात सापडतं. तो क्रम आपण पाहू.

सुरुवात ठिपक्यापासून करू. ठरावीक लैंगिक गुन्ह्यांत कोर्टाने दोषी ठरवलेल्या माणसाला शिक्षा भोगून झाल्यावरही आपलं नाव, फोटो, राहण्याचा पत्ता, नोकरीचं ठिकाण, गाडीचा नंबर हे सगळं पोलिसांकडे नोंदवत राहावं लागतं. ही नोंदवही म्हणजे रजिस्ट्री. ती सगळ्यात आधी कॅलिफोर्नियाने सुरू केली, 1947 मध्ये. 1989 मध्ये मिनेसोटात जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. त्याच्या नावाने 1994 मध्ये केंद्रीय कायदा आला आणि सगळ्या राज्यांत नोंदवह्या सुरू झाल्या. 1996 च्या 'मेगन्स लॉ'ने त्यातली माहिती लोकांसमोर खुली केली.

ही खुली नोंदवही आपल्याला नवखी वाटते, कारण भारतात तशी नाही. 2018 मध्ये केंद्रीय गृहखात्याने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची सुरू केली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांनाच पाहता येते. पुण्यात बसून कुणाला असा स्क्रीनशॉट काढता येणार नाही.

आता तो ठिपका दाबून आतली नोंद वाचा. हास्यास्पद वाटेल, पण बहुतेक लोक हेच करत नाहीत. माझ्या मित्रानेही केलं नव्हतं. आत गुन्ह्याचं कलम असतं, बऱ्याच राज्यांत शिक्षेचं वर्ष, पीडित व्यक्तीचा वयोगट आणि त्या माणसाचा स्तर किंवा धोक्याची पातळीही असते. 2006 च्या केंद्रीय कायद्याने तीन स्तर ठरवले. पहिल्या स्तराची नोंद 15 वर्षं राहते आणि वर्षातून एकदा हजेरी द्यावी लागते. दुसऱ्याची 25 वर्षं, दर सहा महिन्यांनी हजेरी. तिसऱ्याची जन्मभर, दर तीन महिन्यांनी. पण सगळी राज्यं हेच माप वापरत नाहीत. टेक्सास कमी, मध्यम आणि जास्त धोका अशा पातळ्या लावतं. कॅलिफोर्नियात 2021 पर्यंत बहुतेकांना जन्मभर नोंदणी होती, आता तिथे 10 वर्षं, 20 वर्षं आणि जन्मभर असे तीन गट आहेत. नकाशावर मात्र हे सगळे ठिपके सारखेच लाल दिसतात.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे नामसाधर्म्य. नुसतं नाव जुळलं म्हणून कुणावर शिक्का मारू नका, फोटो आणि वय पडताळा. दुसरं, खासगी ॲपवरचे ठिपके. काही वेळा ठिपका घराचा नसून नोकरीच्या जागेचा असतो, काही वेळा पत्ता जुना असतो. राज्याची अधिकृत वेबसाइट उघडा, किंवा सगळ्या राज्यांच्या याद्या एकत्र शोधणारी अमेरिकेच्या न्याय खात्याची राष्ट्रीय वेबसाइट.

मग पुढचा प्रश्न: कायदा कुणाचा? सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

केंद्रीय कायदा फक्त नोंदणीबद्दल बोलतो. अमुक माणसाने शाळेपासून किती लांब राहावं याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. अंतराचे नियम राज्यं करतात, आणि राज्याच्या खाली काउंटी किंवा शहरं करतात. शहराच्या नियमाला ऑर्डिनन्स म्हणतात. आपल्याकडे या शब्दाने राज्यपालांचा अध्यादेश आठवतो. तो अर्थ इथे विसरा. अमेरिकेत ऑर्डिनन्स म्हणजे नगरपालिकेने आपल्या हद्दीपुरता केलेला कायम नियम, पोटनियमासारखा.

त्याखाली आणखी एक थर आहे आणि तो नकाशावर दिसतच नाही. माणूस प्रोबेशनवर असेल (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर) किंवा पॅरोलवर असेल (शिक्षा संपायच्या आत अटींवर सुटलेला), तर त्याला खास त्याच्यापुरत्या अटी असतात. टेक्सासात मुलावर अत्याचार करून प्रोबेशनवर असलेल्याला साधारणपणे बालसुरक्षा क्षेत्राची अट लागते. शाळा, पाळणाघर, खेळाचं मैदान, पोहण्याचा तलाव, एवढंच काय व्हिडिओ गेमचं पार्लर, यांच्या हजार फुटांच्या आत जायचं नाही. प्रोबेशन संपलं की ही अट संपते, नोंदणी चालूच राहते. म्हणजे सारखेच दोन ठिपके शेजारी असतील आणि एकाला मैदानात पाय टाकता येणार नाही, दुसऱ्याला बाकावर बसून सँडविच खाता येईल.

टेक्सासचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण आपले बरेच लोक तिथे आहेत. तिथे सरसकट सगळ्या नोंदलेल्यांसाठी राज्याचं एकच अंतर नाही, ते शहरांवर सोडलेलं आहे. पाच हजारांवर वस्तीच्या शहरांना स्वतःची सनद करता येते आणि सनद असलेल्या शहरांचे अधिकार मोठे. लहान गावांना हा अधिकार 2017 मध्ये कायद्याने मिळाला, तोही हजार फुटांच्या मर्यादेत. त्यामुळे एकाच रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा, किंवा काहीच नाही, असं होऊ शकतं. उपनगरांच्या हद्दी कशा वेड्यावाकड्या असतात हे आपण जाणताच. पाकिटावरच्या पत्त्यात डॅलस असेल, पण घर भलत्याच शहराच्या हद्दीत. आधी घराची नगरपालिका कोणती ते पाहा, मग तिच्या वेबसाइटवर 'कोड ऑफ ऑर्डिनन्सेस' म्हणजे नियमांचा संग्रह उघडा.

नियम सापडला की त्यात एकच गोष्ट आधी शोधा: तो राहण्यावर बंदी घालतो की जाण्यावर? दोन्ही गोष्टी लोक एकच समजतात.

राहण्यावरची बंदी म्हणजे अमुक अंतराच्या आत घर करायचं नाही. बहुतेक नियम या प्रकारचे आहेत. त्यांत एक विचित्र गोष्ट आहे. ते माणूस रात्री कुठे झोपतो हे ठरवतात, आणि रात्री शाळेला कुलूप असतं. दुपारी तीनला, मुलं बाहेर पडत असताना, तोच माणूस त्याच फुटपाथवरून चालत गेला तर अनेक ठिकाणी तो नियम मोडत नाही. आयोवा राज्याला हे अनुभवाने कळलं. 2002 चा त्यांचा नियम दोन हजार फुटांचा होता. 2009 मध्ये त्यांनी तो गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवला आणि त्याऐवजी शाळा, पाळणाघरं अशा जागी प्रत्यक्ष जाण्यावर बंधनं आणली.

जाण्यावरची बंदी ही शहरागणिक निराळी. कुठे बागेत जायचं नाही, कुठे ग्रंथालयात, कुठे शाळेच्या आवारात. बऱ्याच ठिकाणी 'लॉयटरिंग' हा शब्द येतो, म्हणजे कारणाशिवाय रेंगाळणं. बस पकडण्यासाठी तिथून जाणं म्हणजे रेंगाळणं नव्हे. मिशिगनच्या कायद्यात याची व्याख्याच होती: मुलांना न्याहाळणं किंवा त्यांच्याशी संपर्क साधणं हाच मुख्य हेतू आहे असं समंजस माणसाला वाटेल, अशा रीतीने थांबणं. आता तो समंजस माणूस कोण, हे शेवटी पोलीस आणि ज्युरी ठरवणार.

काही नियम एका रात्रीपुरते असतात. मिसुरीच्या कायद्यात 31 ऑक्टोबरला संध्याकाळी पाच ते साडेदहा नोंदलेल्या माणसाने घरात राहायचं, बाहेरचे दिवे बंद ठेवायचे आणि इथे खाऊ मिळणार नाही अशी पाटी लावायची, असं लिहिलं. पाटी लावायला लावणं हे माणसाच्या तोंडी जबरदस्तीने शब्द घालणं आहे म्हणून ते कोर्टात अडलं. जॉर्जियातल्या एका शेरीफने स्वतःच अशा पाट्या लोकांच्या अंगणात रोवल्या होत्या, त्याही 2022 मध्ये अपील कोर्टाने चुकीच्या ठरवल्या.

आता फूटपट्टी काढू. हजार फूट म्हणजे सुमारे 305 मीटर. पण कुठून कुठपर्यंत? दारापासून दारापर्यंत, की कुंपणापासून कुंपणापर्यंत? रस्त्याने, की कावळा उडतो तसं सरळ रेषेत?

नियमात हे लिहिलेलं असतं आणि प्रत्येक शब्दाने उत्तर बदलतं. फ्लोरिडात प्रोबेशनच्या अटींत सरळ रेषा स्पष्ट म्हटली आहे, पायी किंवा गाडीने जायचा रस्ता मोजायचा नाही. माप घरापासून निघतं आणि शाळेच्या हद्दीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूवर संपतं. शाळेच्या इमारतीवर नव्हे. अमेरिकन शाळेमागे फुटबॉलची दोन मैदानं आणि पार्किंग असतं, त्यामुळे इमारत लांब वाटली तरी हद्द जवळ असते. फोनवरचा नकाशा उलट करतो. तो रस्त्याचं अंतर दाखवतो आणि शाळेच्या मुख्य दारावर टाचणी टोचतो. दोन्हींमुळे आकडा फुगतो. खरं अंतर हवं असेल तर काउंटीच्या वेबसाइटवर 'पार्सल मॅप' असतो, म्हणजे आपल्या सिटी सर्व्हेच्या नकाशासारखा, प्रत्येक प्लॉटची हद्द दाखवणारा. त्यावर मोजपट्टीचं चिन्ह असतं. हद्दीच्या कोपऱ्यावर एकदा टिचकी, घरावर दुसरी.

फूट वाढले की क्षेत्र किती वाढतं याचा अंदाज नगरसेवकांनाही नसावा असं मला कधी कधी वाटतं. एका बिंदूभोवती हजार फुटांचं वर्तुळ काढलं तर आत 72 एकर येतात. अडीच हजार फुटांचं काढलं तर 450 एकर. अंतर अडीचपट, जमीन सव्वासहापट. शाळा, पाळणाघरं, बागा आणि मैदानं, प्रत्येकाभोवती असं वर्तुळ टाका आणि शहराचा नकाशा पाहा. पांढरा भाग उरतो तो बहुधा गोदामांचा, रेल्वेरुळांचा आणि पाण्याचा.

मायामीत 2005 मध्ये हेच झालं. राज्याचा नियम हजार फुटांचा होता, काउंटीने तो अडीच हजारांवर नेला. सुटून आलेल्यांना कायदेशीर घरच सापडेना. तेव्हा ते मायामी आणि मायामी बीच यांना जोडणाऱ्या ज्युलिया टटल कॉजवे या पुलाखाली तंबू आणि फळ्यांच्या खोपटांत राहू लागले, आणि काहींच्या ओळखपत्रावर पत्ता म्हणून चक्क तो पूल होता. 2010 मध्ये ती वस्ती उठवली. पोलिसांच्या बाजूनेही हे सोयीचं नव्हतं. ज्याला घर आहे त्याच्यावर लक्ष ठेवणं सोपं, बेघराला शोधायचं कुठे?

वर्तुळ नंतर आलं तर? माणूस आधीपासून राहतोय आणि पुढच्या वर्षी शेजारी कुणी पाळणाघर उघडलं, तर काय? फ्लोरिडाच्या कायद्यात अशा माणसाला सूट आहे. टेक्सासच्या 2017 च्या कायद्यातही नियम येण्याआधीपासून राहणाऱ्यांना सूट द्यावी लागते. जॉर्जियात अशी सूट नव्हती. एकाने घर विकत घेतलं, मग जवळ पाळणाघर आलं, आणि त्याला घर सोडायला सांगितलं. 2007 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोबदल्याशिवाय मालमत्ता काढून घेतल्यासारखं हे आहे म्हणून त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच राज्याने 2006 मध्ये स्कूलबसच्या थांब्यांभोवतीही वर्तुळं टाकली होती, तीही कोर्टाने रोखली. स्कूलबस कुठे कुठे थांबते हे आपण आपल्या कॉलनीत एकदा मोजून पाहा, म्हणजे का रोखली ते कळेल.

इतर सवलतींचं कलमही वाचा. नॉर्थ कॅरोलायनात शाळेत मतदान केंद्र असेल तर नोंदलेल्या माणसाला मत द्यायला जाता येतं, आणि स्वतःच्या मुलाच्या शिक्षकांना भेटायचं असेल तर मुख्याध्यापकांना कळवून ठरलेल्या अटींवर जाता येतं. शाळेच्या पटांगणात दिसला की नियम मोडला, असं प्रत्येक वेळी नसतं.

यानंतरची पायरी लोक हमखास गाळतात: नियम अजून जिवंत आहे का? न्यू जर्सीत 2009 मध्ये, पेनसिल्व्हेनियात 2011 मध्ये, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयांनी शहर-काउंटीचे असे नियम रद्द केले. कारण सगळीकडे जवळपास एकच: हा विषय राज्याने पूर्ण आपल्या हातात घेतलेला आहे, खालच्या संस्थेने त्यात वेगळा नियम करायचा नाही. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीने आणि तिथल्या शहरांनी 2011 च्या सुमारास नोंदलेल्यांना बागांत जायला बंदी केली होती, 2014 मध्ये अपील कोर्टाने तीही याच कारणाने पाडली. न्यू जर्सीत एडिसनला राहणारा मित्र आणि टेक्सासात फ्रिस्कोला राहणारा मित्र यांची या बाबतीत तुलना करूच नका.

सगळीकडे नियम पडलेच असंही नाही. इंडियानात लाफायेट शहराने एका माणसाला बागांमध्ये यायला बंदी केली, ती 2004 मध्ये टिकली. इलिनॉयची बागबंदी 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. पण आल्बुकर्कीने ग्रंथालयात पाऊल टाकू नका असं सांगितलं तेव्हा 2012 मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने ते मोडीत काढलं. माहिती मिळवण्याचा हक्क सरसकट काढता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. मिशिगनचे हजार फुटांचे शाळा-टापू 2016 मध्ये जुन्या गुन्हेगारांना मागाहून लावलेली शिक्षा ठरले, आणि 2021 मध्ये राज्याने ते कायद्यातूनच काढले.

महाराष्ट्रात वाढलेल्याला इथे तडीपारी आठवते. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 55 ते 57 कलमांखाली माणसाला जिल्ह्याबाहेर काढता येतं. पण ते नाव घेऊन, नोटीस देऊन, म्हणणं ऐकून, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. वर राज्य सरकारकडे अपीलही आहे. अमेरिकन ऑर्डिनन्स माणूस बघत नाही, गट बघतो. अल्पवयीन मैत्रिणीशी संबंध ठेवल्याबद्दल दोषी ठरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सराईत गुन्हेगार अनेक शहरांत एकाच वर्तुळाबाहेर उभे असतात. मला आपली तडीपारी फार न्याय्य वाटते असं नाही, तिचाही गैरवापर होतो, पण सुनावणी हा प्रकार तिच्यात निदान आहे.

आणि या वर्तुळांचा उपयोग किती? मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने 2007 मध्ये, सुटल्यावर पुन्हा लैंगिक गुन्हा करून आत गेलेल्या 224 जणांची प्रकरणं एकेक करून तपासली. घराच्या अंतराच्या नियमाने त्यातला एकही गुन्हा टळला असता असं दिसलं नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या 2000 सालच्या आकडेवारीत, पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांतल्या अल्पवयीन पीडितांपैकी 93 टक्के मुलं गुन्हेगाराला ओळखत होती. नातेवाईक, घरी येणारे-जाणारे, शिकवणारे.

शेवटची पायरी, कळवायचं कुणाला. एवढं सगळं तपासूनही नियम मोडलाय असं वाटलं तर 911 नको, ते चालू संकटासाठी. पोलीस ठाण्याच्या किंवा शेरीफच्या साध्या नंबरवर फोन करून 'सेक्स ऑफेंडर रजिस्ट्रेशन युनिट' मागा. पत्ता सांगा, कलम सांगा, ते पडताळतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणं, दारावर चिठ्ठी लावणं, घरमालकाला धमकावणं हे करू नका. अशा माहितीचा वापर छळासाठी केला तर तो गुन्हा आहे, ही सूचना त्या वेबसाइटवरच असते. आणि आपण व्हिसावर असाल तर पोलीस केस ही आपल्याला अजिबात परवडणारी गोष्ट नाही.

माझ्या मित्राबरोबर त्या रात्री फोनवर आम्ही हाच क्रम लावला. नोंद उघडली. गुन्हा 1998 चा, पीडित व्यक्ती प्रौढ, धोक्याची पातळी कमी. शहराचा ऑर्डिनन्स काढला. तो सतरा वर्षांखालच्या मुलांविरुद्ध गुन्हा केलेल्यांनाच लागू. म्हणजे इथे प्रश्नच संपला होता, पण त्याला अंतर हवंच होतं. "पाच मिनिटं म्हणजे चालत?" मी विचारलं. "छे, ड्राइव्ह." मग आम्ही नकाशाच्या कोपऱ्यातली पट्टी पाहिली, जिथे बोटभर म्हणजे दीड मैल होतं. सात हजार नऊशे वीस फूट.

दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा मेसेज आला. मुलाच्या स्विमिंग क्लासमध्ये कोच मुलांबरोबर एकटे असतात का, हे कुणाला विचारायचं? मी लिहिलं: क्लासच्या ऑफिसमध्ये. दोन गोष्टी विचार. सगळ्या स्टाफची पार्श्वभूमी तपासली आहे का, आणि चेंजिंग रूमपाशी कायम दोन मोठी माणसं असतात का. उत्तर लेखी माग.